वाटीतल्या चार सुपाऱ्या

ताम्हण लख्ख झालं होतं. निरांजनं झाली होती. पळी-पंचपात्राला चिंच चोळून दमयंतीबाईंनी ते परातीत ठेवलं आणि हात पुसायच्या आत गल्लीच्या टोकाला टँकरचा भोंगा वाजला.

"अहो, उठा! आज आठलाच आला."

लक्ष्मणरावांनी पेपरातून डोकं वर काढलं. "कालचा आज आला, का उद्याचा आज आला?"

"ते टँकरवाल्याला विचारा. आधी पाइप घ्या."

चिंच लावलेलं तांबं तसंच ठेवू नये, डाग धरतं. हे दमयंतीबाईंना सांगायला नको. पण दोन हजार सोळाच्या त्या उन्हाळ्यात देवाच्या भांड्यांनासुद्धा टँकरपुढं थांबावं लागत होतं. जायकवाडी तळाला गेलेलं. आणि संभाजीनगर तर चिकलठाण्याच्या विमानतळाला वळसा घालून पुढं पसरत चाललेलं. घरं पुढं गेली, नळ मागं राहिला. त्यांच्या वसाहतीत रस्त्याला नाव होतं, दिवे होते, कोपऱ्यावर मोबाइलचं दुकान होतं. फक्त पाणी नव्हतं.

टँकरच्या रांगेचा एक कायदा वसाहतीतल्या बायकांनी केला होता. नंबरात घागर ठेवली तरी चालेल, पण घागरीचा धनी नजरेच्या टप्प्यात पाहिजे. पाणी सुरू झालं आणि धनी दिसला नाही, तर घागर उचलून बाजूला ठेवायची. पाय लावायचा नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. हा कायदा करण्याआधी दोन डोकी फुटली होती आणि मालनबाईंची कळशी नाल्यात गेली होती. केल्यावर मात्र सगळं सुरळीत.

त्या दिवशी रांग मोठी होती. दोन्ही पिंपं भरेपर्यंत साडेनऊ वाजून गेले. दमयंतीबाईंनी देवाला नुसती फुलं वाहिली, हात जोडले, "आज सांभाळून घे रे बाबा" म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या. पळी-पंचपात्र चिंचेतच राहिलं.

आज सांभाळून घे म्हणण्याला कारण होतं. आज पंधरावा दिवस होता.

दमयंतीबाई धारूरकर ट्रेसर होत्या. आता हा शब्दही कुणाला कळत नाही. आयटीआयमधून आरेखनाचा कोर्स करून त्या एकोणिसाव्या वर्षी कामाला लागल्या, तेव्हा नकाशावर पारदर्शक कागद पसरून शाईच्या पेनानं तो जसाच्या तसा उतरवायचा, हेच काम असे. रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडनं कागद न फाडता शाई खरवडायची. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत नानासाहेबांनी डिझाइनचं ऑफिस काढलं तेव्हा पहिल्या उंच स्टुलावर बसलेल्या त्याच. कारखान्यात एखादा भाग कापताना किंवा भोक पाडताना यंत्रावर घट्ट धरून ठेवायला जी चौकट लागते, तिचे नकाशे तिथं होत. नानासाहेब चितेगावचे, शेतकऱ्याच्या घरातले. इंजिनीअर झाले तरी बोलणं गावचंच. त्यांनी पुढं ड्रॉइंगचे बोर्ड काढून टाकून संगणक आणले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई आता घरी बसणार. बाई घरी बसल्या नाहीत. हळदीकुंकवाच्या याद्या लिहायच्या वहीत त्यांनी मागच्या पानापासून संगणकाचे हुकूम लिहून काढले आणि रोज देवापुढं उदबत्ती लावताना ते पाठ केले. स्तोत्र संपलं की रेघ, वर्तुळ, खोड, जोड. लक्ष्मणराव म्हणत, "देवसुद्धा आता नकाशे काढायला शिकला असेल."

पोरं चाळीस मिनिटांत काढत तो नकाशा बाईंना दोन तास लागे. पण बाईंचा नकाशा कारखान्यातून कधी परत आला नाही.

आता दुखणं कुठं होतं, ते सांगायला पाहिजे.

ऑफिसात नकाशे काढणारे नऊ जण. सॉफ्टवेअर नऊही संगणकांवर घातलेलं. पण ते एका वेळी चौघांनाच उघडता येई, कारण लायसन चारच. संगणकांचं जाळं सांभाळणारा शंतनू त्याला 'फ्लोटिंग लायसन' म्हणे. नानासाहेब म्हणत, "तरंगतं." म्हणजे लायसन कुणाच्या नावावर नाही. आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर चार किल्ल्या टांगल्यात समजा. ज्यानं सॉफ्टवेअर उघडलं त्याला एक किल्ली आपोआप मिळते, त्यानं बंद केलं की ती परत खुंटीला. पाचवा आला तर त्याच्या पडद्यावर पाटी झळकते, लायसन शिल्लक नाही. चौघांचं काम चालू असताना बाकीच्यांनी मापं घ्यावीत, छापील नकाशे तपासावेत, आपली पाळी आली की बसावं. हिशेब साधा होता.

पण माणसाची जात! जो एकदा उघडून बसला तो बंद करायला तयार नाही. जेवायला गेला तरी उघडंच, चहाला गेला तरी उघडंच. सगळ्यांत वरताण कचरू. त्याच्या गल्लीत टँकर भर दुपारी येई. फोन आला की तो मोटारसायकल काढून पळे, आणि जाताना सॉफ्टवेअर तसंच उघडं ठेवून संगणकासमोर जेवणाचा डबा मांडून जाई. नंबरात घागर ठेवावी तसा.

शंतनूनं त्यावर उपाय केला. दहा मिनिटं पडद्यावरचा माऊसचा बाण हलला नाही की लायसन आपोआप सुटेल, अशी तजवीज त्यानं सर्व्हरवर केली. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी कचरू टँकरवर गेला तरी त्याच्या पडद्यावरचा बाण आपला हळूहळू हलतोच आहे. शंतनूनं जाऊन पाहिलं, तर पठ्ठ्यानं हातातलं घड्याळ काढून माऊसखाली ठेवलेलं! सेकंदकाटा फिरे, माऊसला वाटे धनी हात हलवतोय. आठवड्यात ऑफिसात पाच घड्याळं टेबलांवर आली.

नानासाहेबांनी सगळ्यांना आत बोलावलं. "लई झालं. शंतनू म्हणतो तसं करू. चारी लायसन चौघांच्या नावावर बांधून टाकू. जे चौघं झपाट्यानं काम करतेत, त्यांच्या. बाकीच्यांना दुसरी कामं."

मग ते बाईंकडं वळले. आवाज उतरवून म्हणाले, "ताई, तुम्ही फायली सांभाळा. डोळ्यांना पण आराम."

आराम! चौघांत आपलं नाव येणार नाही, हे त्यांना न सांगता कळलं होतं. तीस वर्षं हातातून रेघ निघाली, आता फायलींना दोरे बांधायचे. त्या सहसा साहेबांपुढं बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

"नानासाहेब, पंधरा दिवस द्या मला. मी व्यवस्था लावते."

"कशी लावताल?"

"घरून आणते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक पितळी वाटी आणली, तीत तांदूळ आणि तांदळावर पूजेच्या चार सुपाऱ्या. वाटी मधल्या टेबलावर ठेवली.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "चार लायसन, चार सुपाऱ्या. ज्याला सॉफ्टवेअर उघडायचं त्यानं एक सुपारी घ्यायची आणि संगणकाजवळ ठेवायची. बंद केलं की परत वाटीत. वाटी रिकामी असेल तर थांबायचं."

नकाशे काढणाऱ्या पोरांतली सोनिया हसली. "काकू, पण सुपारीच का? पेनाची टोपणं चालली असती की."

"टोपणाला कोण भितं? सुपारी मांडली की तो गणपती असतो. बोलावलं, काम झालं, की मानानं परत पाठवायचा असतो. पूजा संपली तरी देवाला अडकवून ठेवतात का कुणी? आणि त्याच्याशेजारी डबा उघडून मटणाची हाडं चघळणार असाल तर चघळा बापडे, तुमचं तुम्ही बघा."

हे शेवटचं वाक्य कचरूकडं बघून होतं.

शंतनू गालातल्या गालात हसला होता. पण पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत चारी सुपाऱ्या वाटीत परत आल्या. शेजारच्या टेबलावरचा सांडू तर चहाला उठतानासुद्धा सुपारी दोन हातांनी आणून ठेवी. घड्याळं मनगटांवर परत गेली. थांबणाऱ्याला वाटीकडं बघितलं की कळे, आपली पाळी कधी. बाई रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येत, वाटी पुसत, सुपाऱ्या मोजत. चौदा दिवस कुणाचा कुणाला वाकडा शब्द गेला नाही.

आणि आता पंधरावा दिवस, आणि बाईंना उशीर. त्यात वाळूजच्या एका कारखान्याचं अठरा नकाशांचं काम पाच वाजेपर्यंत पाठवायचंच होतं. त्यातले शेवटचे तीन बाईंकडं होते.

त्या पोचल्या तेव्हा दहा वाजून गेले होते आणि वाटीत नुसते तांदूळ होते. एक सुपारी सोनियाकडं, एक सांडूकडं, एक काकासाहेबांकडं.

"चौथी कुणाकडं?" बाईंनी विचारलं.

सांडू पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "कचरूकडं असंल. डबा दिसू राहिला त्याचा. साहेबांसंगं कारखान्यात गेला असंल."

डबा होता खरा, कचरूच्या खुर्चीवर. बाई बसल्या. छापील नकाशांवरची मापं पुन्हा तपासली. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. त्यांच्याबरोबर आणखी चौघं वाटीकडं बघत बसले होते. तिघांपैकी कुणाला उठवावं, तर त्यांचेही नकाशे त्याच अठरांतले. बाई मनातल्या मनात जप करत होत्या, पण मणी पुढं सरकायच्या ऐवजी घड्याळाचा काटाच सरकत होता. साडेबारा झाले तेव्हा त्यांना टँकरची रांग आठवली. धनी नजरेत नसेल तर घागर उचलून बाजूला ठेवायची. आपल्याच वसाहतीचा कायदा, इथं का नको?

त्या उठून कचरूच्या जागेवर गेल्या. पडदा काळा. संगणकाला हात लावला तर गार. डबा उचलला तर हलका, कालचा.

"शंतनू, जरा बघ रे. सर्व्हर काय म्हणतो?"

शंतनूनं बघितलं, आणि खुर्ची गर्रकन फिरवून बाईंकडं तोंड केलं. "काकू, तीनच लायसन बाहेर आहेत. चौथं सकाळपासून मोकळं आहे."

"मोकळं?"

"मोकळं! तुम्ही उघडलं का नाही?"

"वाटीत सुपारी नव्हती ना."

शंतनूनं कपाळाला हात लावला. "अहो काकू, लायसन सर्व्हरवर असतं! सुपारीत नसतं!"

"ते ठाऊक आहे रे," बाई हळूच म्हणाल्या. मागं बसलेल्या चौघांनीही माना खाली घातल्या. ठाऊक सगळ्यांनाच होतं. पण वाटी रिकामी असताना उघडून बघावं, असं पाचांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

तेवढ्यात गुडघ्यापर्यंत भिजलेला कचरू आला. "माफी करा, आज टँकर सकाळीच आला, अन् लाईन लई मोठी हुती. काय झालं? कुणी वारलं का?"

"कचरू, चौथी सुपारी कुठंय?"

त्यानं खिसा चाचपला. मग दुसरा खिसा. चेहरा पडला. "काकू, काल फोन आला तसा पळालतो. डबा राहिला, अन् सुपारी सदऱ्यात गेली. सदरा घरी हाय."

"लाव फोन."

घरी कचरूची आई होती, द्वारकाबाई. पाचोडला विहिरी आटल्या म्हणून दोन महिन्यांसाठी लेकाकडं आलेली. कचरूनं फोनचा आवाज मोठा केला.

"आई, माझ्या कालच्या सदऱ्यात सुपारी हुती. जरा जपून ठिव."

"ती व्हय? खुंटीला लावताना पडली. सकाळी जेवण झाल्यावर कातरली मी. लई कडक हुती मेली, अडकित्ता वाकला."

"आई! आफिसची सुपारी हुती ती!"

"आफिसात सुपाऱ्या खाताव व्हय? मंग काम कवा करताव?"

"खायची नव्हती, देवाची हुती!"

द्वारकाबाई पलीकडून कडाडल्या, "देवाची हुती तर खिशात काहून घातली, भाड्या? देव काय बिडीचं बंडल हाय?"

फोन बंद झाला आणि ऑफिस जे हसत सुटलं! सोनियाला ठसका लागला. पण दमयंतीबाई हसल्या नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात पावणेएक झाला होता. तीन नकाशे, दोन दोन तास. सहा तासांचं काम आणि हातात सव्वाचार.

त्या आपल्या संगणकापुढं बसल्या, पण हात पुढं होईना. रिकाम्या वाटीवर उघडायचं तर आपणच घातलेला नेम आपणच मोडायचा. कचरूला काय वाटलं कोण जाणे, त्यानं मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि वाटीतल्या तांदळावर ठेवलं.

"घ्या काकू. आजच्या दिवस हीच चौथी सुपारी. आता माऊसखाली जायचं नाय हे."

बाईंनी घड्याळ उचललं, कपाळाला लावलं, संगणकाजवळ ठेवलं आणि बसल्या. त्यांनी त्या दिवशी कसं काम केलं ते त्यांनाच ठाऊक. सोनियानं शेजारी बसून मापं वाचून दाखवली, बाईंनी काढलेली रेघ न् रेघ कचरूनं कागदाशी ताडून पाहिली. पाणी प्यायला त्या उठल्या नाहीत. वहीच्या मागच्या पानावरचे हुकूम बोटांतून आपोआप उतरत गेले. चार वाजून पन्नास मिनिटांनी तिसरा नकाशा झाला. पाचला पाच कमी असताना शंतनूनं अठराही नकाशे पाठवून दिले.

तोवर नानासाहेब कारखान्यातून परतले होते आणि दारातच सांडूकडून सगळं ऐकून चुकले होते.

"म्हंजे अडीच तास एक लायसन मोकळं पडलं हुतं?" त्यांनी विचारलं.

"हो सर," शंतनू म्हणाला.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा! चूक कुणाची?"

कचरू पुढं सरकला. त्याच्या आधी दमयंतीबाई बोलल्या. "माझी. रोज सकाळी मी सुपाऱ्या मोजते. आज टँकरमुळं उशीर झाला, मोजल्या नाहीत. मोजल्या असत्या तर दहालाच कळलं असतं. फायली कुठं ठेवायच्या ते सांगा, उद्यापासून बघते."

हे म्हणताना त्यांचा आवाज हलला नाही, पण कचरूचं घड्याळ त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं.

नानासाहेब खुर्ची ओढून बसले. "एक सांगा मला. पाच जण बसले हुते. पाचांतल्या एकानं पण गुपचूप उघडून बघितलं नाय?"

"नाही."

"शंतनू, खरं?"

"सर्व्हरवर नोंद असते सर. कुणी प्रयत्नसुद्धा केला नाही."

नानासाहेबांनी वाटी जवळ ओढली. मग म्हणाले, "चितेगावात आमची चौघा भावांत एक विहीर. पाण्याची पाळी ठरलेली, तुझा सोमवार, माझा मंगळवार. माझ्या बापानं देवळात नेऊन नारळावर हात ठेवायला लावला हुता सगळ्यांना. तरी ज्याला त्याला वाटायचं, दुसरा झोपला की मोटार चालू करावी. आज दोन भाऊ एकमेकांचं तोंड बघत नायत. अन् हितं, लायसन समोर मोकळं पडलंय, कामाचा गळ्याशी फास, अन् सुपारी नाय म्हणून पाच माणसं हात बांधून बसली!" ते मोठ्यानं हसले. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले. "असलं इमान मला कोणतं सॉफ्टवेअर देणार हाय? लायसन कुणाच्या नावावर बांधायचं नाय. वाटी हितंच ऱ्हाईल, अन् वाटी ताई सांभाळतील. खुर्ची पण हीच."

शंतनू म्हणाला, "सर, मी एक करतो. किती लायसन बाहेर आहेत ते भिंतीवरच्या पडद्यावर कायम दिसेल, असं लावतो. सुपारी हरवली तर लगेच कळेल."

"लाव. दोघं मिळून सांभाळा. पण ताई, एक अट हाय."

"काय?"

"खायची चीज ठेवू नका. पाचोडची सगळी म्हातारी माणसं उन्हाळ्यापुरती शहरात आलीत."

पुन्हा हशा उसळला, आणि या वेळी दमयंतीबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांनी कचरूला घड्याळ परत दिलं. "आईंना सांग, मला राग नाही. देवाची सुपारी पोटात गेली, त्यांना बरंच होईल. अडकित्ता मात्र सरळ करून दे."

घरी येऊन त्यांनी आधी परात पुढं ओढली. पंचपात्राला चिंचेचा हिरवट काळा डाग धरला होताच. अर्धा तांब्या पाणी घेऊन त्या घासत बसल्या आणि लक्ष्मणरावांना सगळी कथा सांगितली.

"मग आता सुपारीऐवजी काय ठेवणार?" त्यांनी विचारलं.

"हळकुंडं. तीही पूजेचीच. कडकडा चावून कुणी खात नाही, आणि खिशात घालून नेलं, घामानं भिजलं, की सदरा पिवळा होतो. चोर आपोआप सापडतो."

"आणि सकाळी टँकर आला तर?"

"तुम्ही उभे राहा नंबरात. नजरेच्या टप्प्यात, हं! पेपर वाचायचा नाही."

लक्ष्मणरावांनी मान डोलावली. डाग गेला तसं बाईंनी पंचपात्र पुसून देवापुढं ठेवलं आणि सकाळी न्यायची पिशवी दाराला अडकवली. उद्या ऑफिसच्या आधी त्यांना जुन्या मोंढ्याच्या बाजारात जाऊन चार हळकुंडं आणायची होती.